‘या’ म्हणजे कोणत्या? क्लिकबेट कसं चालतं, कसं पसरतं आणि त्याला कसं अडवायचं

ऑक्टोबरमधली दुपार होती. हवामान खात्याचं पत्रक आलं: रत्नागिरी आणि सिंधुदुर्गला दोन दिवस ऑरेंज अलर्ट. मी तेव्हा एका मराठी बातम्यांच्या पोर्टलवर डेस्कला होतो. पहिला मथळा मी सरळ दिला, “रत्नागिरी, सिंधुदुर्गला दोन दिवस ऑरेंज अलर्ट”. वीस मिनिटं झाली तरी समोरच्या स्क्रीनवरचा वाचकांचा आकडा हलेना. शिफ्टचे प्रमुख मागून म्हणाले, “जिल्ह्यांची नावं काढ.” मी काढली. नवा मथळा झाला, “राज्यावर पुन्हा अस्मानी संकट! ‘या’ जिल्ह्यांना हवामान खात्याचा मोठा इशारा”. पाच मिनिटांत बातमी पोर्टलवर सगळ्यात वर गेली.

संध्याकाळी सातच्या सुमाराला औसा तालुक्यातून काकांचा फोन आला. त्यांचं सोयाबीन कापून शेतात पडलं होतं. गावच्या ग्रुपवर माझीच बातमी आली होती. शेतात रेंज धड नाही. पान उघडलं, जाहिरात तेवढी उमटली आणि खालचा मजकूर गोल गोल फिरत राहिला. काकांनी जादा पैसे देऊन मजूर बोलावले, अंधार पडेपर्यंत गंजी लावली, शेजाऱ्याची ताडपत्री मागून आणली, आणि मग मला फोन केला. “अरे, ‘या’ म्हणजे कोणत्या? आपला हाय का न्हाय त्यात?”

लातूर त्या पत्रकात कुठेच नव्हतं. जिल्ह्यांची नावं मी लिहिली होती, पण सातव्या परिच्छेदात.

काकांचा तो प्रश्न क्लिकबेटवरचं, म्हणजे पान उघडायला लावणाऱ्या फसव्या मथळ्यांवरचं, सगळ्यात उपयोगी हत्यार आहे, असं मी आता अनुभवाने सांगतो. पुढे जे लिहिलंय ते त्या प्रश्नाभोवतीच फिरतं. आधी हे यंत्र आतून कसं चालतं ते सांगतो, मग एकेक पायरी. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट पायऱ्यांवर गेलं तरी चालेल. पण यंत्र कळलं की पायऱ्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

आकर्षक मथळा म्हणजे क्लिकबेट नव्हे

हा घोळ आधी मिटवू. “सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?” हा टिळकांच्या ‘केसरी’तला १८९७ सालचा मथळा. त्यात प्रश्नचिन्ह आहे, राग आहे, वाचणाऱ्याला थांबवायची ताकद आहे. तरी ते क्लिकबेट नाही. कारण मथळ्यात जे विचारलंय तेच लेखात विचारलंय. कोणाबद्दल आहे ते सांगितलंय, म्हणणं काय आहे तेही सांगितलंय. लेख न वाचणाऱ्यालाही लेखकाची बाजू कळते.

क्लिकबेट दोन गोष्टींनी ओळखायचं. एक, जो एक शब्द सांगितला असता तर बातमी कळली असती तो शब्द मुद्दाम काढून घेतलेला असतो. दोन, मथळ्यात जेवढं कबूल केलंय तेवढं आत नसतं. पहिल्या प्रकारात माहिती लपवलेली असते, दुसऱ्यात फुगवलेली. पुष्कळदा दोन्ही एकत्र येतात, माझ्या मथळ्यात आली होती तशी. ‘‘या’ जिल्ह्यांना’ ही लपवाछपवी आणि ‘राज्यावर अस्मानी संकट’ हा फुगवटा.

गळ कुठे अडकतो

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाविषयी एक मांडणी केली. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यायचंय, त्यांच्यामधली फट दिसली की माणूस अस्वस्थ होतो आणि ती बुजवायला धडपडतो. यातली खरी मेख अशी की फट फार मोठी असेल तर कुतूहल जागंच होत नाही. कुठल्या तरी परक्या देशातल्या कायद्यातलं कलम आपल्याला माहीत नसतं, पण त्याने आपली झोप उडत नाही. बरंचसं माहीत असावं आणि शेवटचा एकच तुकडा गायब असावा, तेव्हा खाज सुटते. पाऊस माहीत आहे, हवामान खातं माहीत आहे, आपला जिल्हा तर माहीत आहेच. फक्त नाव नाही.

मराठीत ही फट पाडायला एक फार सोयीचा शब्द मिळालाय: ‘या’. हा, ही, हे या सगळ्यांचं सामान्यरूप एकच. या माणसाला, या बाईला, या गावाला, या लोकांना. लिंग कळत नाही, एकवचन की अनेकवचन तेही त्याच्यावरून कळत नाही. मथळा लिहिणाऱ्याला याहून हाताशी येणारं झाकण मिळणार नाही. त्यावर एकेरी अवतरणचिन्हं. छापील मराठीत ही चिन्हं आपण एखाद्या नावाला किंवा कोणाच्या तरी शब्दांना लावतो. इथे ती लावतात जिथे नाव असायला हवं होतं आणि नाही तिथे. डोळा तिथे अडखळतो आणि बोट खाली जातं.

ही युक्ती एकट्या मराठीची नाही. डेन्मार्कमधल्या दोन अभ्यासकांनी दहा डॅनिश बातम्यांच्या संकेतस्थळांवरचे एक लाख मथळे तपासले आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. पुढे येणाऱ्या मजकुराकडे बोट दाखवणारी, नाव न घेता ‘हा’, ‘ही’, ‘अशा’ म्हणणारी वाक्यरचना हे आमिषाचं ठरलेलं साधन आहे, असं त्यांना दिसलं. त्यांच्या भाषेत ‘या’ नाही, पण काम तेच.

दुसरं साधन प्रश्नचिन्ह. दहावीचा निकाल जवळ आला की “निकालाची तारीख ठरली?” असे मथळे आठवडेच्या आठवडे फिरतात. तारीख ठरली असती तर ती मथळ्यातच आली असती. २०२४ मध्ये निकाल २७ मे रोजी लागला, २०२५ मध्ये १३ मे रोजी, दोन्ही वेळा दुपारी एक वाजता. तारीख मंडळ स्वतः जाहीर करतं. त्याआधीचे सगळे प्रश्नार्थक मथळे पोरांच्या पोटात गोळा आणण्यापलीकडे काही करत नाहीत. ब्रिटिश पत्रकार इयन बेटरिज यांनी २००९ मध्ये एक ठोकताळा सांगितला: मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर उत्तर ‘नाही’ असं समजा. टिळकांचा मथळा त्याला सणसणीत अपवाद आहे, पण रोजच्या बातम्यांना हा ठोकताळा बऱ्यापैकी लागू पडतो.

तिसरं साधन आकड्याचं आहे आणि त्यात लोकांचे पैसे जातात, म्हणून जरा थांबून सांगतो. “सोनं ५,४०० रुपयांनी स्वस्त! लग्नसराईत ग्राहकांना दिलासा”. आत गेल्यावर कळतं की ही घसरण शंभर ग्रॅमची आहे. म्हणजे दहा ग्रॅमला ५४० रुपये. कोणी घरात शंभर ग्रॅम एकदम घेत नाही, भाव विचारताना आपण दहा ग्रॅमचाच विचारतो, पण आकडा मोठा दिसायला शंभरचा घेतात. कधी ‘स्वस्त’ हे कालच्या भावाशी तुलना करून नसतंच, काही आठवड्यांपूर्वीच्या उच्चांकाशी केलेलं असतं. कधी वायदेबाजारातला दर असतो, सराफाच्या दुकानातला नव्हे. आणि त्यावर ३ टक्के जीएसटी, वर घडणावळ, हे मथळ्यात कधीच नसतं. “स्वस्त झालं म्हणून गेलो आणि दुकानात वेगळाच भाव” ही तक्रार सराफ रोज ऐकत असतील.

यातून कोणाला काय मिळतं

पोर्टल फुकट वाचायला मिळतं, तेव्हा पैसे जाहिरातींतून येतात. जाहिरात दर हजार वेळा दिसली की त्याचे ठरलेले पैसे. मराठी पानांवरच्या जाहिरातीचा दर इंग्रजी पानांपेक्षा कमी असतो, म्हणून तेवढीच कमाई करायला जास्त पानं उघडावी लागतात. बारा फोटोंची गॅलरी बारा पानांत का तोडतात आणि उत्तर सातव्या परिच्छेदात का जातं, ते इथे कळतं. पहिल्या आणि सातव्या परिच्छेदाच्या मध्ये तीन जाहिराती बसतात.

मथळ्यांची ही परीक्षा कारखान्यासारखी घेण्याचं श्रेय २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अपवर्दी या संकेतस्थळाला जातं. तिथे एका मजकुराला २५ मथळे लिहायचा नियम होता. त्यातले निवडक मथळे वेगवेगळ्या वाचकांना दाखवायचे आणि ज्यावर जास्त बोटं पडतील तो ठेवायचा. २०१३ ते २०१५ मधल्या त्यांच्या ३२ हजारांहून अधिक चाचण्यांची नोंद पुढे अभ्यासकांना खुली झाली. २०२३ मध्ये तिच्यावर एक शोधनिबंध आला. सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत होतं, सकारात्मक शब्दाने ते घटत होतं. ‘संकट’, ‘धक्का’, ‘हादरला’, ‘खळबळ’ हे शब्द मराठी पोर्टलांवर रोज का दिसतात याचं कारण संपादकाच्या स्वभावात शोधू नका. ते त्या २.३ टक्क्यांत आहे.

डेस्कवर बसलेल्या मुलामुलींना हे सगळं आवडतं असं नाही. समोर आकड्यांची स्क्रीन असते, प्रत्येक बातमीपुढे त्या क्षणी किती जण वाचताहेत ते दिसतं, आणि महिन्याचं लक्ष्य ठरलेलं असतं. सरळ मथळा देऊन आकडा पडला तर विचारणा होते. फसवा मथळा देऊन आकडा चढला तर होत नाही. मी तिथे होतो म्हणून सांगतो, तिथे वाचकाला एकच मत देता येतं आणि ते बोटाने द्यायचं असतं. वैतागून उघडलेलं पानही ‘आवडलं’ म्हणूनच मोजलं जातं.

न वाचता पसरतं

काकांच्या गावच्या ग्रुपवर ती बातमी ज्याने टाकली त्याने ती उघडली होती का? बहुधा नाही. ट्विटरवर शेअर झालेल्या दुव्यांपैकी ५९ टक्के दुवे कोणीच उघडलेले नसतात, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. फेसबुकवरच्या साडेतीन कोटी सार्वजनिक पोस्टांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७५ टक्के शेअर न उघडताच झालेले होते. म्हणजे प्रवास मथळाच करतो, बातमी घरीच राहते. ज्या मथळ्यात नाव नाही तो तर सगळीकडे चालतो. ‘रत्नागिरी, सिंधुदुर्ग’ असं लिहिलेला मथळा लातूरच्या ग्रुपवर कोणी टाकला नसता. ‘या जिल्ह्यांना’ हा छत्तीसच्या छत्तीस जिल्ह्यांत टाकता येतो. नाव काढल्याने बातमी उघडणारे वाढतात हे मला तेव्हाही माहीत होतं. पाठवणारेही वाढतात हे काकांच्या फोनने कळलं.

वर समाजमाध्यमांची स्वतःची गणितं. फेसबुकने २०१४ मध्येच क्लिकबेट मागे ढकलायचं जाहीर केलं होतं. मथळ्यावरूनच पूर्ण वाचायचं की नाही ते ठरवता यावं, अशी ८० टक्के वेळा लोकांची पसंती होती, असं त्यांच्याच पाहणीत दिसलं होतं. पण २०१७ पासून तिथेच ‘लाइक’पेक्षा राग, आश्चर्य, हसू अशा भावचिन्हांना पाचपट वजन दिलं जात होतं, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून कळलं. रागाचं वजन २०२० मध्ये शून्यावर आणलं, पण मधली तीन वर्षं चिडवणाऱ्या मथळ्यांच्या पथ्यावर पडली. खोटं किती वेगाने जातं तेही मोजून झालंय. २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी माग काढला, तेव्हा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के अधिक निघाली. माणसाऐवजी संगणकच चालवतो ती खाती (बॉट) वगळून पाहिलं तरी चित्र तेच राहिलं. पसरवणारी आपल्यासारखीच माणसं होती.

आता पायऱ्या.

पायरी १: गायब झालेलं नाम शोधा

मथळा दिसला की बोट उचलायच्या आधी काकांचा प्रश्न विचारा. ‘या’ म्हणजे कोणत्या? ‘ती’ म्हणजे कोण? ‘मोठा निर्णय’ म्हणजे काय? ‘इतक्या’ म्हणजे किती? मनात नको, शक्य तर तोंडाने विचारा, फरक पडतो. नाम गायब असेल तर ते लपवलेलं आहे असं समजून पुढे जा. नाम हजर असेल आणि विशेषणं भडक असतील तर विशेषणं काढून मथळा पुन्हा वाचा. “राज्यावर पुन्हा अस्मानी संकट! ‘या’ जिल्ह्यांना हवामान खात्याचा मोठा इशारा” यातून फुगवटा काढला की उरतं, “काही जिल्ह्यांना इशारा”. एवढ्यावर पान उघडावंसं वाटतं का, हे मग तुमचं तुम्ही ठरवा.

पायरी २: पत्ता वाचा

ही आतली गोष्ट आहे आणि मला वाटतं फार कमी वाचकांना माहीत आहे. मथळ्यात नाव लपवता येतं, पण गुगलला ते सांगावंच लागतं, नाहीतर शोधणाऱ्याला पान सापडत नाही. म्हणून पानाच्या पत्त्यात, म्हणजे निळ्या दुव्याच्या लांबलचक ओळीत, रोमन अक्षरांत पुष्कळदा सगळं उत्तर असतं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ऑरेंज, अलर्ट, प्रत्येक शब्दामध्ये आडवी रेघ. माझ्या त्या बातमीचा पत्ता अगदी हाच होता. व्हॉट्सअॅपवर दुवा आला असेल तर चौकटीखालची ओळ वाचा. ब्राउझरमध्ये दुव्यावर बोट दाबून धरा, पान न उघडता पत्ता दिसतो. फोटोखालची ओळ आणि शोधात दिसणारे दोन वाक्यांचे तुकडे हेही असेच फितूर असतात.

पायरी ३: उत्तर मूळ जागी जाऊन घ्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण पाऊस, सरकारी पैसे आणि निकाल या तीन गोष्टींवर मराठी क्लिकबेटचा मोठा धंदा चालतो, आणि तिन्हींची मूळ जागा सगळ्यांना खुली आहे.

पाऊस: हवामान खात्याच्या संकेतस्थळावर पुढच्या पाच दिवसांचे जिल्हावार इशारे रंगांत दिसतात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. आपला जिल्हा शोधा आणि रंग पाहा. ‘मुसळधार’ या शब्दालाही तिथे माप आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, २०४.४ पर्यंत अति जोरदार, त्यावर अत्यंत जोरदार. मथळ्यातला ‘धो-धो’ या तिन्हींपैकी कशात बसतो ते पाहिलं की पुष्कळदा कुठेच बसत नाही. काकांच्या फोनवर मी त्या संकेतस्थळाची खूण पहिल्या पानावर लावून दिली आहे.

सरकारी पैसे: लाडकी बहीण योजनेने या मथळ्यांना कळस चढवला. “लाडक्या बहिणींच्या खात्यात ‘या’ दिवशी पैसे”, “‘या’ महिला अपात्र” असे मथळे महिनोन्‌महिने चालले आणि दर वेळी पोस्टापुढे, बँकेपुढे बायका उभ्या राहिल्या. दीड हजार रुपये ज्या घरात मोजून खर्च होतात तिथे अशा मथळ्याने एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून हे शिकून ठेवा. सरकारचा निर्णय म्हणजे शासन निर्णय, ज्याला सगळे जीआर म्हणतात. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून शोधता येतो. प्रत्येक जीआरच्या शेवटी एक ठराविक वाक्य असतं, की हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा संकेतांक अमुक आहे. तो संकेतांक १८ आकडी असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे तारीख. या योजनेचा मूळ जीआर २८ जून २०२४ चा, म्हणून त्याचा संकेतांक २०२४०६२८ ने सुरू होतो. कोणी ‘नवीन जीआर आला’ म्हणून कागदाचा फोटो पाठवला तर खालचा संकेतांक पाहा. नसेल, किंवा तारीख जुळत नसेल, तर तो पुढे पाठवू नका. मंत्र्यांनी सभेत केलेली घोषणा, मंत्रिमंडळाने घेतलेला निर्णय आणि निघालेला जीआर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मथळे तिन्हींना ‘निर्णय’ म्हणतात.

आणि एक कळकळीची विनंती. अशा बातमीतून अर्ज भरायचा दुवा कधीही उघडू नका. आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी मागणाऱ्या बनावट पानांपर्यंत माणूस असाच मथळ्याच्या शेपटीला धरून पोहोचतो. अंगणवाडीताई किंवा सेतू केंद्रात जाऊन विचारा.

निकालाचं वर सांगितलंच आहे. मंडळाच्या निवेदनाची वाट पाहायची, बाकी सगळ्याकडे पाठ फिरवायची.

पायरी ४: पान उघडलंच तर

उघडू नका असं मी म्हणत नाही, कधी उघडावंच लागतं. मग सरळ वरून खाली वाचू नका. आधी तारीख पाहा. ‘अपडेटेड’ची वेळ आजची आणि बातमी मागच्या पावसाळ्याची, असं होतं. मग झटक्याने खाली जाऊन नाव, गाव, आकडा असलेला परिच्छेद शोधा, तो बहुतेक मधोमध किंवा शेवटी असतो. त्यात ‘सूत्रांच्या माहितीनुसार’, ‘सोशल मीडियावर चर्चा आहे’ एवढंच असेल तर बातमी नाही, पान बंद करा. सोन्याच्या भावात वजन आणि कशाशी तुलना केलीय ते पाहा. अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं नाही तर मागे फिरा. पानाच्या शेवटी ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून मिळणाऱ्या चौकटींना अजिबात हात लावू नका, त्यातल्या बऱ्याच जाहिराती असतात.

पायरी ५: फोनला सवय लावा

फोन आपल्या बोटावरून शिकतो, तर त्याला शिकवता येतं. गुगलच्या बातम्यांच्या पट्टीत, जिला डिस्कव्हर म्हणतात, प्रत्येक बातमीच्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात. तिथे या विषयात रस नाही, किंवा या संकेतस्थळाचं काहीच दाखवू नका, असे पर्याय आहेत. दुसरा निवडा. आठवडाभर रोज दोन-तीनदा केलं की पट्टी ओळखू येणार नाही इतकी बदलते. यूट्यूबवर ‘हे चॅनल सुचवू नका’ हा पर्याय तसाच तीन ठिपक्यांत आहे, आणि पाहिलेल्या व्हिडिओंच्या नोंदीतून फसवे व्हिडिओ काढून टाकता येतात. क्रोममध्ये कधी तरी चुकून ‘परवानगी द्या’ दाबलेलं असतं, म्हणून दिवसभर टुणटुण सूचना येतात. सेटिंगमध्ये सूचनांच्या यादीत जाऊन संकेतस्थळं एकेक करून बंद करा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर हे काम दिवाळीला गावी गेल्यावर बसून करून द्यावं, अर्धा तास लागतो.

पायरी ६: थंबनेल आणि निधनाच्या बातम्या

यूट्यूबवर व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र, म्हणजे थंबनेल, हा तिथला मथळाच. हार घातलेला फोटो, रडणारे चेहरे, लाल बाण. आत काहीच नसतं. डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की शीर्षक किंवा थंबनेलमध्ये जे सांगितलंय ते व्हिडिओत नसेल, विशेषतः ताज्या घडामोडींबाबत, तर असे व्हिडिओ भारतात काढले जातील. तुम्हाला तसा व्हिडिओ दिसला तर तक्रारीचा पर्याय वापरा.

निधनाच्या बातमीत फसवणुकीइतकीच घाईही घात करते. विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते, तेव्हा २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी सगळीकडे पसरली, श्रद्धांजल्याही वाहून झाल्या. ते त्या वेळी हयात होते, प्रकृती गंभीर होती, आणि घरच्यांना तसं सांगावं लागलं. त्यांचं निधन २६ नोव्हेंबरला झालं. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या घरच्यांवर असा खुलासा करायची वेळ येणं ही फार वाईट गोष्ट आहे. कुटुंबाचा किंवा रुग्णालयाचा शब्द येईपर्यंत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पुढे पाठवू नका. चार तास उशिरा पाठवल्याने कोणाचं काही बिघडत नाही.

पायरी ७: घरच्या ग्रुपवर

निरोपावर दुहेरी बाण दिसला तर तो निदान पाच हातांतून फिरून आलाय. असा निरोप व्हॉट्सअॅप एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं. अडथळा मुद्दाम ठेवलाय, त्याचा मान राखा.

मावशीने काही पाठवलं की ‘फेक आहे’ असं सगळ्यांदेखत लिहू नका. ती दुखावते आणि पुढच्या वेळी तुम्ही नसलेल्या ग्रुपवर पाठवते. मी काय करतो ते सांगतो. बातमीतलं लपलेलं नाव शोधतो आणि तेवढंच लिहितो: “मावशी, हा इशारा रत्नागिरी-सिंधुदुर्गला आहे, आपल्या सांगलीला हिरवा रंग आहे.” सोबत हवामान खात्याच्या नकाशाचा फोटो. भांडण होत नाही, माहितीही पोहोचते. गेल्या पावसाळ्यात मावशीने स्वतःच लिहिलं, “कोणत्या जिल्ह्याला ते बघून सांगा गं कुणीतरी.” स्वतः दुवा पाठवताना मीही एक ओळ वर लिहितो, काय आहे, कुठलं आहे, कधीचं आहे. ती ओळ लिहिता येत नसेल तर मी पान नीट वाचलेलं नसतं.

पायरी ८: मथळे लिहिणाऱ्यांसाठी

हे वाचणाऱ्यांत डेस्कवरची मंडळी असतील, स्वतःचं चॅनल चालवणारे असतील. तुमच्यावरचा दबाव मला ठाऊक आहे. नाव मथळ्यात ठेवूनही कुतूहल जागं ठेवता येतं, फक्त ‘काय’ ऐवजी ‘का’ आणि ‘कसं’ आतल्या मजकुरासाठी राखायचं. “दहावीचा निकाल १३ मे रोजी, गुणपडताळणीसाठी काय करायचं?” यात तारीख दिली तरी उघडायचं कारण उरतं. दुसरी सवय, मथळा लिहिल्यावर तो फक्त ग्रुपवर वाचणाऱ्या माणसाच्या जागी बसून पाहा, कारण बरेच जण तेवढंच वाचणार आहेत.

त्या ऑक्टोबरच्या दुपारचा मथळा मी नंतर कितीदा तरी मनात पुन्हा लिहिला. आज दिला असता तर असा दिला असता: “रत्नागिरी, सिंधुदुर्गला दोन दिवस ऑरेंज अलर्ट, मराठवाड्यात इशारा नाही”. रेंज नसलेल्या शेतात, पान न उघडताही, काकांना तो पूर्ण वाचता आला असता.